पिवळं दिसेपर्यंत

“पिवळं दिसलं तर पाऊल उचल,
नाही दिसलं तर झाड हो.”

म्हातारा गुएर्रिनो हे दोन चरण अशा थाटात म्हणायचा, की ते त्यानं नव्हे, मागच्या डोंगरानंच रचले असावेत. तीस वर्षांपूर्वी आर्देआनं ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती बावीस वर्षांची होती, नुकती लग्न होऊन मोन्तेफोस्कोला आलेली. त्या म्हाताऱ्यानं, तिच्या सासऱ्यानं, वर्कशॉपच्या अंगणात खडूनं रस्त्याचा एक फाटा काढला, तिला त्याच्या टोकावर उभं केलं आणि खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून तिच्या अंगावर हाकलल्या.

“हे आपले पाहुणे. सगळ्यांना डावीकडं धाड.”

कोंबड्या चारी दिशांना गेल्या. दारात उभे असलेले दोघे भाऊ, थोरला लेआर्को आणि तिचा नवरा ओदीनो, पोट धरधरून हसले. सगळ्यात शेवटी म्हातारा स्वतः आला, गळ्यात जेवणाच्या टेबलावरचा पिवळा रुमाल बांधून, तोंडानं मोटरसायकलचा आवाज काढत.

“आणि हा शेवटचा गडी. हा दिसल्याबिगर फाटा सोडायचा नाही. गारा पडोत, लघवीला लागो.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“झाड विचारतं का असं?” म्हातारा म्हणाला.

ती रीत सोपी होती आणि पाहुण्यांना मोटरसायकलींवर डोंगर फिरवायचा घरचा सगळा धंदा तिच्यावर चालायचा. सर्वांत पुढे वाटाड्या. सर्वांत मागे पिवळ्या जाकिटातला. फाटा आला की वाटाड्याच्या मागची गाडी तिथं थांबणार, हात करून बाकीच्यांना वाट दाखवणार, आणि पिवळं जाकीट आलं की निघणार. डोंगरात फोन लागत नाही, वायरलेस खरखरतो. पण फाट्यावर उभा असलेला माणूस दिसतो.

माणूस असला तर.

*

ऑक्टोबरच्या त्या सकाळी वर्कशॉपच्या फाटकाशी आठ बेल्जियन पाहुणे आपापल्या भाड्याच्या गाड्यांना हात लावून बघत होते. लेआर्को कागद हातात घेऊन नावं वाचत होता. सत्तावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर केस नाहीत पण भुवया दोघांना पुरतील एवढ्या.

“माझ्या मागच्या सीटवर... सिन्योरा ए. व्हेरसारी.” त्यानं मान वर केली. “कोण?”

“मी,” आर्देआ म्हणाली. नाव माहेरचं होतं. हेल्मेट काखेत होतं.

लेआर्कोच्या भुवया एकमेकींना भिडल्या. बारा वर्षं दोघं एकाच गावात राहत होते. एकाच बेकरीतून पाव घेत होते, आणि ती दारात दिसली की तो पाव न घेता परत फिरत होता.

“जागा भरली,” तो म्हणाला.

“तूच आत्ता नाव वाचलंस. माझ्या नावानं भरली.”

पाहुणे बघत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतंच. लेआर्कोनं ओठ आवळून एक हसू ओढून आणलं.

“या ना, सिन्योरा. बसा. तुम्ही आज आमच्या पाहुण्या.”

त्या ‘तुम्ही’ला धार होती. तीस वर्षांच्या नात्यात त्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आज केलं, ते परकी करण्यासाठी.

फाटकाच्या आत, शेवटच्या गाडीजवळ, एक पोरगी पिवळ्या जाकिटाची चेन ओढत होती. वीस वर्षांची मिर्ना. आर्देआची मुलगी. पंधराव्या वर्षी एका पिशवीत कपडे भरून ती आईचं घर सोडून काकाकडं, आजीकडं, वर्कशॉपच्या माडीवर राहायला गेली होती. सोमवारी तोरिनोला निघणार होती, कारखान्यातली नोकरी, कायमची. आजची तिची शेवटची फेरी. म्हणून तर आर्देआ आली होती. दुपारी खानावळीत एका टेबलाशी बसू, सूपाची वाटी पुढे सरकवू, दोन शब्द बोलू. एवढंच. जाण्याआधी एकदा.

मिर्नानं आईकडं पाहिलं. भिंतीकडं पाहावं तसं पाहिलं आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

*

लेआर्कोच्या गाडीवर पुढच्या-मागच्या हेल्मेटात बोलण्याची सोय होती. पाहुण्यांना किल्ले, द्राक्षमळे, जुने पूल दाखवायला. आज त्या तारेतून दुसरंच काही वाहत होतं.

“मला धरायचं नाही. बाजूच्या दांड्यांना धरायचं,” लेआर्को म्हणाला.

“तुला धरायला मला काय वेड लागलंय?”

“वळणावर माझ्याबरोबर झुकायचं. उलटं झुकलात तर दोघंही दरीत.”

“मला शिकवतोस? तुझ्या भावाच्या मागं अठरा वर्षं बसले.”

“भावाचं नाव काढू नका.”

“नाव काढलंच नाही. भाऊ म्हणाले.”

रस्ता नदी सोडून चढू लागला. खाली द्राक्षवेली तांबूस झाल्या होत्या, वर चेस्टनटची राई पिवळीधमक. वळणामागून वळण येत होतं, डावं, उजवं, डावं, आणि जिभा भांडत असल्या तरी अंगं भांडत नव्हती. लेआर्को झुकला की आर्देआ झुकत होती. त्यानं वेग सोडायच्या आधीच तिच्या मांड्यांना कळत होतं. तिला स्वतःच्या अंगाचा राग आला. अंगाला लाज नसते, ते जुन्या वाटा विसरत नाही.

“बघा, सिन्योरा, चेस्टनट,” हेल्मेटातून आवाज आला. “छान पिवळे झालेत. तुम्हाला त्यांच्यात माणसं दिसतात ना?”

हे वाक्य आर्देआनं गावात शंभर तोंडांतून ऐकलं होतं. बाजारात लिंबांच्या ढिगाजवळून जाताना कुणीतरी हळूच म्हणायचं, “पिवळं दिसलं का गं, आर्देआ?” आणि बाकीचे हसू दाबायचे.

बारा वर्षांपूर्वी असाच ऑक्टोबर होता, फक्त धुकं होतं. लेआर्को पुढे, त्याच्यामागे स्वतःच्या छोट्या गाडीवर आर्देआ, मध्ये डच पाहुणे, सगळ्यात शेवटी पिवळ्या जाकिटात ओदीनो. काळ्या क्रूसाच्या फाट्यावर एका वनरक्षकानं त्यांना अडवलं. नेहमीचा सरळ रस्ता रात्रीच्या पावसात खचलाय, म्हणाला, डावीकडून जा. मी खालून अडसर घेऊन येतो. लेआर्कोनं आर्देआला फाट्यावर उभं केलं आणि गाडी डावीकडं घातली. ती उभी राहिली. एकेक पाहुणा डावीकडं धाडला. गाड्या मोजत राहावं असलं धुकं नव्हतं. समोरचा हातसुद्धा दिसत नव्हता. मग धुक्यातून पिवळं आलं. तिनं पाहिलं. पिवळं जाकीट, छातीवर लाल कोंबडा, गुएर्रिनोच्या सहलीची खूण. तिनं गाडीला किक मारली आणि त्याच्या पुढं झाली. रीत तशीच होती.

ओदीनो मात्र मागेच होता. कुणाची तरी रस्त्यात पडलेली बॅग उचलून बांधत थांबला होता. तो फाट्यावर आला तेव्हा तिथं कुणीच नव्हतं, अडसरही अजून आला नव्हता, म्हणून तो रोजच्या रस्त्यानं सरळ गेला, आणि खचलेल्या जागी दरीत कोसळला.

“मी पिवळं पाहिलं,” ती पोलिसांना म्हणाली, सासऱ्याला म्हणाली, आठ वर्षांच्या मुलीला म्हणाली.

“पिवळं एकच होतं,” लेआर्को सगळ्यांसमोर म्हणाला होता. “ते माझ्या भावाच्या अंगावर होतं, आणि माझा भाऊ त्या वाटेनं आलाच नाही. मग हिनं पाहिलं काय? थंडी वाजली, कॉफी आठवली, निघाली.”

याचं उत्तर बारा वर्षं तिनं शोधलं. पहाटे जाग आली की ती ते धुकं पुन्हा अंथरायची, त्यातून ते पिवळं पुन्हा चालत यायचं. पण दर वर्षी ते जरा जास्त पानांसारखं दिसायचं. गेल्या दोन-तीन वर्षांत तर ती स्वतःशीच म्हणू लागली होती: असेलही. झाडच असेल. माझंच चुकलं असेल. खोटेपणाचा आळ माणूस सोसतो. आपणच आपल्याला खोटं वाटू लागलो की पायाखाली काही उरत नाही.

*

खिंडीत वारा सुटला होता आणि बारीक पाऊस आडवा येत होता. कॉफीसाठी गाड्या थांबल्या. एका बेल्जियन गाडीवर मागे बसलेली ग्रीट नावाची बाई गारठून निळी पडली होती. तिचा नवरा खांदे उडवत म्हणाला की त्यानं तिला सांगितलं होतं जाड काहीतरी घे म्हणून.

“अरे, सांगितलं होतं तर स्वतःचं काढून दे,” आर्देआ आपल्या डोंगरी बोलीत पुटपुटली. त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

मिर्ना अजून खाली होती, शेवटच्या गाडीबरोबर. लेआर्कोनं आपल्या गाडीची उजवी पेटी उघडली. “थांबा, काहीतरी असेल. पेट्या पुतणी भरते.” त्यानं हातमोजे बाजूला केले, पावसाळी विजारी बाजूला केल्या.

खाली, नीट घडी घातलेलं, धुतलेलं, पिवळं जाकीट होतं.

“हे चालेल की!” ग्रीट मोडक्या इटालियनमध्ये म्हणाली आणि हात पुढे केला.

लेआर्कोचा हात जाकिटाच्या कॉलरवर होता. तो तिथंच राहिला. आर्देआ त्याच्या शेजारी उभी होती, कॉफीचा कप ओठाशी. तिनं त्या हाताकडं पाहिलं. मुठीत कॉलर आवळली होती.

“हे नाही देता येत,” तो म्हणाला.

“का?”

“फाटलंय.”

त्यानं झाकण आपटलं. पण आपटण्याआधी, घडीच्या वरच्या बाजूला, आर्देआनं कोंबडा पाहिला. लाल कोंबडा, एक पाय उचललेला. ओदीनो गेला त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं तो कोंबडा वर्कशॉपच्या दारावरून पत्र्यानं खरवडून काढला होता, आणि त्यानंतर कुठल्याही कपड्यावर शिवला नव्हता. कोंबडा असलेलं पिवळं जाकीट जगात एकच होतं असं सगळे म्हणत, आणि ते इस्पितळात कात्रीनं कापलं होतं. तिनं स्वतः ते तुकडे पिशवीत भरून घरी आणले होते.

मग हे कुठलं?

लेआर्कोनं अंगातलं स्वतःचं चामडी जाकीट काढलं आणि ग्रीटच्या खांद्यांवर घातलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला हातमोजा उसना दिला नाही, तो हजार मीटर उंचीवर, पावसात, नुसत्या स्वेटरवर उभा राहिला. बेल्जियन लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आर्देआनं कप खाली ठेवला. तिच्या आत कुठंतरी धुकं विरत होतं. पानं नव्हती ती. पानांना छाती नसते, छातीवर कोंबडा नसतो. तिनं पाहिलं होतं. बावीस वर्षांच्या सुनेला शिकवलं तसंच, अगदी तसंच, तिनं पाहिलं होतं आणि पाऊल उचललं होतं.

*

“फाटलेलं नव्हतं,” दोन वळणांनंतर ती हेल्मेटात म्हणाली.

वारा त्याच्या स्वेटरमधून आरपार जात होता. त्याची पाठ तिच्यासमोर लाकडासारखी ताठ होती.

“लेआर्को. फाटलेलं नव्हतं.”

“तोंड बंद ठेवा. झुका.”

“कुणाला दिलं होतंस?”

“म्हटलं ना झुका!”

ती झुकली. जीव तिलाही प्यारा होता, आज तर कालच्यापेक्षा जास्त.

काळ्या क्रूसाचा फाटा आला. लोखंडी क्रूस, त्याच्या पायाशी कुणीतरी ठेवलेली कापडी फुलं, पावसानं रंग गेलेली. सरळ रस्ता कधीच दुरुस्त झाला होता, पण आजची खानावळ डावीकडं होती. लेआर्कोनं गाडी हळू केली आणि मागच्या बेल्जियनाला खूण करण्यासाठी हात वर केला.

आर्देआनं त्याच्या खांद्यावर एकदा थाप मारली. मागे बसणाऱ्याची ही खूण कुठलाही चालक टाळत नाही. त्यानं गाडी थांबवली, आणि ती उतरली.

“काय झालं? बसा वर.”

“इथं मी उभी राहते.”

“तुम्ही प्रवासी आहात. फाट्यावर प्रवासी उभा करत नाहीत.”

“ती बेल्जियन माणसं नवीन आहेत. मला अनुभव आहे,” आर्देआ म्हणाली. “या फाट्याचा तर फारच.”

“तमाशा करायचाय का? परक्या लोकांसमोर?”

“तू जा. पाहुणे भिजतायत. पुढे खानावळीपर्यंत एकही फाटा नाही, तुला माहीत आहे. जा ना! वाटाड्यानं थांबायचं नसतं.”

त्यानं काहीतरी शिवी हासडली, त्यांच्या आईबापांना समजली असती अशी जुनी, आणि गिअर टाकला. आर्देआ क्रूसाजवळ उभी राहिली. उजवा हात डावीकडं लांब केला. एकेक गाडी आली, एकेक वळली. ग्रीटनं जाताना तिला हात हलवला, लेआर्कोच्या जाकिटाच्या लांब बाहीतून. पाऊस हेल्मेटवर वाजत होता.

मग गाड्या संपल्या. रस्ता रिकामा झाला. ती झाड झाली.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी खालच्या वळणावर दिवा दिसला, आणि दिव्यामागून पिवळं.

मिर्नानं गाडी तिच्यापुढ्यात थांबवली. काच वर केली. डोळे ओदीनोचे होते, त्यातला राग मात्र तिचा तिनं जमवलेला.

“तू इथं काय करतेस?”

“वाट दाखवतेय.”

“तुला कुणी सांगितलं?” मिर्नाचा आवाज चिरकला. “हाच फाटा मिळाला? बाबाच्या फुलांजवळ उभं राहून नाटक करायला? त्या दिवशी थांबली असतीस तर आज इथं फुलंच नसती!”

“मी त्या दिवशीही थांबले होते, मिर्ना.”

“झालं सुरू! पिवळं पाहिलं, पिवळं पाहिलं! शाळेत पोरं माझ्या दप्तरावर पिवळा खडू फासायची, माहीत आहे तुला? नाही, कारण मी सांगितलंच नाही. मी घरी येऊन ते पुसत बसायचे. तू खोटं बोललीस आणि मी पुसलं.”

आर्देआच्या ओठांपर्यंत आलं होतं. पेटी, कोंबडा, हात. एक वाक्य पुरे होतं. पण तिनं ते गिळलं. बारा वर्षं ती एकच खरं वाक्य बोलत आली होती आणि प्रत्येक वेळी ते खोटं ठरलं होतं. तिच्या तोंडून आलं की खऱ्यालाही कीड लागायची. हे वाक्य तिचं नव्हतं. ज्याचं होतं त्यानंच ते बोलायला हवं.

डावीकडच्या रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला. वाटाड्या मागे फिरला होता. लेआर्कोनं गाडी क्रूसाशी उभी केली. स्वेटर पिळून निघेल इतका भिजला होता, दात वाजत होते.

“ही निघत का नाही अजून?” तो ओरडला. “मिर्ना, हिला घे तुझ्या मागे आणि चल!”

“काका!” मिर्ना गाडीवरून उतरली. “तुझं जाकीट कुठंय? न्यूमोनिया करून घ्यायचाय का?”

“त्या बाईला दिलं. गारठली होती.”

“मग पेटीतलं द्यायचं होतंस! मी मुद्दाम ठेवलं होतं.” ती त्याच्या उजव्या पेटीकडं वळली. “वसंतात माडी साफ करताना सापडलं, आजोबांच्या ट्रंकेमागं. नवंकोरं होतं, दुकानाची चिठ्ठीसुद्धा कॉलरला होती. म्हटलं, जादाचं असलेलं बरं. धुतलं, घडी घातली.” तिनं झाकण उघडलं, पिवळं बाहेर काढलं. कोंबडा पावसात लालभडक दिसला. “हे बघ. चांगलं तर आहे. काका, हे का नाही दिलंस तिला?”

मिर्ना काकाकडं बघत होती, निरागस, जरा चिडलेली, जाकीट दोन्ही हातांत धरून. आर्देआ क्रूसाजवळून हलली नाही. हात अजून डावीकडंच होता. खाली करायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

लेआर्कोनं हेल्मेट काढलं. टकलावरून पाणी भुवयांत, भुवयांतून गालांवर उतरलं. तो मिर्नाकडं बघू शकला नाही. त्यानं फुलांकडं पाहिलं.

“कारण एकदा दिलं होतं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“त्याच दिवशी. ओदीनोसाठी नवं आणलं होतं, हंगाम संपल्यावर देणार होतो. कुणालाच माहीत नव्हतं. खिंडीत तुझी आई कॉफीला आत होती, ओदीनो अजून खालीच, आणि एक डच माणूस काकडत होता, त्याला घातलं. विचारच केला नाही, गं. जेवायला पोचल्या पोचल्या, कुणी बघायच्या आत, त्याच्या अंगावरून काढून घेतलं आणि पेटीत टाकलं. मग भाऊ आलाच नाही... आणि बाप माझ्याकडं बघत होता. मी ते ट्रंकेमागं लपवलं.” त्यानं मान वळवली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आर्देआच्या डोळ्यांत पाहिलं. “तू पिवळं पाहिलंस, आर्देआ. बरोबर पाहिलंस. फाटा तू नाही सोडलास. मी सोडला.”